चाकामागचं रबर

हुकुमचंद रहांगडाल्यांनी गाडी आणली तेव्हा सालेटोल्यात दुसरी मोटार नव्हती. मँगनीजच्या खाणीवरचा एक मॅनेजर कलकत्त्याला निघाला होता. त्याची जुनी गाडी त्यांनी घेतली, गोंदियात तिला नवा रंग मारून घेतला आणि दारासमोर उभी केली. रंग मलईसारखा, पिवळसर पांढरा. खाणीवर ट्रक चालवणारा कवडू नेवारे गावचाच होता. तो तिचा ड्रायव्हर झाला.

मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती. गावावरचा हक्क गेला, तरी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या नहराखालची चांगली धानाची जमीन हुकुमचंदांकडे राहिली होती आणि लोक अजून त्यांना मालकच म्हणत. पण हक्क गेल्यापासून ते आपल्या वस्तूंना जरा जास्तच जपू लागले होते. गाडीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आंघोळीआधी ते रोज तिच्याभोवती एक फेरी मारत आणि कुठे काय लागलं ते वाकून बघत.

पावसाळा लागला आणि मुरमाच्या रस्त्याने रंगाची दशा करायला सुरुवात केली. चाकांनी उडवलेली गिट्टी दारांच्या खालच्या अंगाला लागे आणि रंगाचे टवके निघत. गोंदियाच्या मुन्नालाल मिस्त्रीने सांगून टाकलं होतं की चाकांच्या मागे रबराचे पट्टे लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत खालून पत्रा दिसेल. हुकुमचंदांना ते पटलं नाही. ट्रकच्या मागे लोंबतात तसले काळे पट्टे आपल्या गाडीला लावायचे, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही.

सत्तावन्न सालच्या आषाढात, धानाची रोवणी भरात असताना, ते एका सकाळी तिरोड्याला निघाले होते. त्यांना गोंदियाची रेल्वे पकडायची होती आणि उशीर झाला होता. नहराच्या अलीकडे बैलगाड्यांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. रोवणीच्या टोलीतल्या बाया डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन शेताकडे चालल्या होत्या. हॉर्न ऐकून त्या कडेला झाल्या. गाडी त्यांच्या पुढे गेली आणि मागचं चाक चाकोरीत बसलं. मालक मागून म्हणाले, दाब जोरात. कवडूने दाबलं. चाक जागच्या जागी भणाणलं, चिखल आणि गिट्टी मागे फेकत राहिलं, आणि मग गाडी हिसका देऊन वर आली.

कवडूने आरशात पाहिलं. एक बाई रस्त्यातच खाली बसली होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि बाकीच्या तिच्याकडे धावत होत्या.

"मालक, कोनाले तरी लागलं," तो म्हणाला.

हुकुमचंदांनी मागे वळून पाहिलं नाही. "चिखल उडाला असंल. चाल, टाइम होऊन राहिला."

आणि कवडूने गाडी चालू ठेवली. खाणीवर एकदा ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड काच फोडून आत आलेला त्याने पाहिला होता. आरशात दिसलेल्या बाईचं लुगडं हिरवं होतं. त्याची बायको गीताबाईही सकाळी हिरवंच लुगडं नेसून निघाली होती. दिवसभर स्टेशनाबाहेर गाडी घेऊन तो मालकाची वाट पाहत बसला, आणि त्याला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी घरी आला तेव्हा गीताबाई चुलीपुढे होती. तिला धडधाकट पाहून त्याला जे हायसं वाटलं, त्याची लगेच लाजही वाटली. दगड लागला होता मंदाबाईला, शेजारच्या बकाराम मेश्रामच्या बायकोला. उजव्या डोळ्यात. बकारामने तिला बैलगाडीत घालून तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने पट्टी बांधली आणि सांगितलं की बुबुळाला चीर पडली आहे. डोळा राहतो की जातो ते आत्ता सांगता येणार नाही, दुखणं वाढलं तर नागपूरला न्यावं लागेल.

गीताबाईने त्याला भाकर वाढली. त्याचं खाणं होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "तुमी मांगं पायलं होतं का?"

"पायलं होतं."

ती उठून भांडी घासायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी हुकुमचंदांच्या धानाच्या बांध्यांत एकही बाई उतरली नाही. आदल्या दिवशी उपटलेल्या परह्यांच्या पेंढ्या पाण्यात तशाच पडून होत्या. धानाची रोपं एकदा मुळापासून सुटली की फार थांबत नाहीत. ती लावली पाहिजेत, नाहीतर कुजतात. हुकुमचंद चिडून टोलीला निरोप धाडणार, तेवढ्यात टोलीची प्रमुख देवकाबाई स्वतःच अंगणात येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक बाई होती. गावात कोणाची रोवणी कधी करायची हे तीच ठरवायची, आणि हुकुमचंदांच्या वडिलांपासून त्यांच्या शेतात तिने धान लावला होता.

ती ओसरीच्या खालीच थांबली. तिने सांगितलं की टोली मालकाच्या शेतात यायला तयार आहे, पण तिच्या दोन गोष्टी आहेत. गाडीच्या चाकांमागं रबर लावायचं, ट्रकला असतं तसं. आणि मालकाने मंदाच्या दारी जाऊन तिची विचारपूस करायची.

हुकुमचंद आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ती थट्टा करत नाही. ते म्हणाले की रस्ता सरकारचा आहे, गिट्टी सरकारची आहे, आणि दवाखान्यात काय लागेल ते आपण पाठवून देऊ. पण गाडीला काय लावायचं आणि काय नाही, हे आता रोवणीच्या बाया सांगणार का?

"डोळा तिचा जाऊन राहिला, मालक. पाठवून द्यायचं काम नाई हे. यायचं काम आहे," देवकाबाई म्हणाली, आणि वळून चालू लागली.

गाडी पुसत उभ्या असलेल्या कवडूने हे सगळं ऐकलं. मुन्नालालने सांगितलं तेव्हाच पट्टे लावले असते तर, असं त्याच्या मनात आलं. पण आता ते आणखी अवघड झालं होतं. तेव्हा मालकाला पट्टे फक्त दिसायला वाईट वाटत होते. आता पट्टे लावणं म्हणजे मान खाली घालणं झालं होतं, आणि तेही गावासमोर.

पुढचे दिवस वाईट गेले. शेजारच्या बांध्यांत बाया वाकून लावत होत्या, गाणी म्हणत होत्या, आणि हुकुमचंदांच्या बांध्यांत नुसतं पाणी चमकत होतं. उपटलेल्या पेंढ्या पिवळ्या पडल्या आणि त्यांना वास सुटला. न उपटलेले परहे उंच होऊन त्यांना गाठी धरू लागल्या. मंदाबाईचा डोळा सुजला होता. रात्रंदिवस ती कण्हते, असं गीताबाई सांगे. नागपूरला न्यायचं तर कसं, कोणाबरोबर, यावर बकारामच्या घरी रोज बोलणं होई आणि तिथेच थांबे. तो आजवर गोंदियाच्या पुढे कधी गेला नव्हता. विहिरीवर कवडूशी कोणी बोलेना. घरात गीताबाई बोलायची, पण मीठ-मिरचीपुरतं.

शेवटी हुकुमचंदांनी वैनगंगेपलीकडे निरोप पाठवला. तिकडचा उदाराम नावाचा मुकादम रोवणीसाठी टोल्या पुरवायचा. त्याने ट्रक भरून बाया आणायचं कबूल केलं. त्या दिवशी सकाळी झिमझिम पाऊस होता. ट्रक डांबरी सडकेवर येऊन थांबला, आणि शेतापर्यंत वाट दाखवायला हुकुमचंद आपल्या गाडीत पुढे निघाले. आज ते मागे न बसता कवडूच्या शेजारी बसले होते.

नहराच्या पुलाजवळ पोचताच कवडूने वेग कमी केला. पुलावर बाया उभ्या होत्या. गावची अख्खी टोली, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून. मधे देवकाबाई. तिच्या डाव्या हाताला गीताबाई.

कवडूने गाडी थांबवली. मागे ट्रकही थांबला.

"हॉर्न दे," हुकुमचंद म्हणाले.

त्याने हॉर्न दिला. बाया हलल्या नाहीत.

"चाल हळूहळू. सरकतीन त्या."

कवडूचे हात स्टिअरिंगवर होते. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि त्यातून गीताबाईचा चेहरा दिसत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती गाडीच्या चाकांकडे पाहत होती.

"काऊन थांबला? चाल म्हनलं ना."

कवडूने इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"किल्ली दे इकडं," हुकुमचंद हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं कवडूला वाटलं.

"गाडी तुमची आहे, मालक. हे घ्या. मी चालवत नाई."

किल्ली त्यांच्या हातात ठेवून तो खाली उतरला. क्षणभर तो रस्त्याच्या कडेला चिखलातच उभा राहिला. पुढे जावं की मागे, त्याला कळेना. हुकुमचंद सरकून स्टिअरिंगमागे बसले. कवडूकडूनच ते थोडंफार चालवायला शिकले होते, पण मोकळ्या मैदानात, आणि ब्रेक दाबताना त्यांचा पाय अजून चुकायचा. हे फक्त कवडूला माहीत होतं. इंजिन सुरू झालेलं ऐकताच तो धावला आणि गीताबाईच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

गाडी हिसका खाऊन पुढे आली, थांबली, पुन्हा पुढे आली. एक म्हातारी मोठ्याने देवाचं नाव घेऊ लागली. गीताबाईने कवडूचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तिची नखं रुतली. बॉनेट इतकं जवळ आलं की त्याची धग पोटाला लागत होती. देवकाबाईने हात पुढे केला आणि पंजा त्या मलईच्या रंगावर टेकवला. गाडीला कोणी हात लावत नसे. तिने तो ठेवला आणि काढला नाही.

काचेमागे हुकुमचंदांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचा पाय खाली काहीतरी शोधत होता, हे कवडूला त्यांच्या खांद्यांवरून समजलं. इंजिनाचा आवाज एकदम वाढला. कोणीतरी किंचाळलं. मग गाडी जोराने पुढे झुकली, मागे आली आणि बंद पडली. ब्रेक सापडला होता. देवकाबाई धक्क्याने मागच्या बाईवर कोलमडली होती. तिला उभं केलं. लागलं काही नव्हतं.

पाऊस पडत राहिला.

तोवर ट्रकमधल्या बाया खाली उतरल्या होत्या. त्यांच्यात चमेली नावाची एक उंच बाई पुढारी होती. ती कठड्यापाशी आली. तिथे मंदाबाई बसली होती. घरच्यांनी नको म्हटलं तरी ती आली होती. पट्टीखालून पिवळं पाणी येऊन तिच्या गालावर वाळलं होतं. चमेलीने वाकून तिचा चेहरा पाहिला आणि हे कशाने झालं म्हणून विचारलं. मंदाबाईने बोटाने गाडीचं मागचं चाक दाखवलं.

चमेली ट्रककडे परतली आणि आपल्या बायांशी काहीतरी बोलली. मग उदारामला म्हणाली, "वापस ले चलो, मुकादम. हमें नहीं लगाना यहाँ का धान."

उदारामने खूप समजावलं. पण एकेक करून सगळ्या ट्रकमध्ये चढून बसल्या आणि ट्रक परत गेला.

हुकुमचंद गाडीतून उतरले आणि कोणाकडे न पाहता पायीच घरी गेले. गाडी पुलावर तशीच उभी राहिली. शेवटी कवडूनेच ती मागे घेत घेत परत नेली आणि दारात लावली. किल्ली ओसरीवर ठेवून तो घरी आला. आता आपली नोकरी गेली, हे तो धरूनच चालला होता. गीताबाईने त्याच्या मनगटावरच्या नखांच्या खुणांना हळद लावली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच त्याच्याजवळ बसली होती.

त्या दुपारी रहांगडाल्यांच्या घरात काय झालं ते तिथल्या मोलकरणीने नंतर सांगितलं. हुकुमचंद जेवले नाहीत. त्यांची बायको रामकली ताट घेऊन आली आणि समोर बसली. ती कमी बोलणारी बाई होती. तिने सांगितलं की सकाळी तुम्ही ट्रककडे गेलात तेव्हा मी मंदाच्या घरी गेले होते. ती पुलावर निघून गेली होती, पण तिची सासू भेटली. उशीवर पू पाहिला. मग रामकली उठून दारापाशी गेली आणि तिथून गाडीकडे बघत राहिली.

"खालचा रंग पार उडून राहिला," ती म्हणाली. "मिस्त्री बरोबर सांगत होता. रंगासाठी लावून घ्या पट्टे. कोनी विचारलं तं रंगासाठी म्हना."

हुकुमचंदांनी ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूला बोलावणं आलं. तो गेला. मालक गाडीच्या मागे उभे होते. पुलावरच्या गोष्टीचा त्यांनी उल्लेखही केला नाही. म्हणाले, "गोंदियाले जायचं आहे. रंग खराब होऊन राहिला."

मुन्नालालच्या दुकानात जुन्या ट्रकच्या टायरांचा ढीग होता. त्याने एका टायरची बाजू कापून काढली, पाण्यात बुडवलेल्या सुरीने तिचे चार चौकोन केले, कडा कानशीने घासल्या. मडगार्डच्या आतल्या कडेला भोकं पाडताना पत्रा कर्रकर्र वाजला, तेव्हा हुकुमचंदांनी तोंड फिरवलं. लोखंडी पट्टी आणि बोल्ट लावून रबर कसलं. मिस्त्री म्हणाला, रंगापुरतं एवढं पुरे. हुकुमचंद मागच्या चाकापाशी खाली वाकले. रस्ता आणि रबर यांच्यामधल्या जागेत त्यांनी हात घालून पाहिला.

"हे छोटं आहे," ते म्हणाले. "और नीचे तक. चौडा भी करो."

मुन्नालालने विचारलं, रंगाला इतकं खाली कशाला? हुकुमचंदांनी नुसतं पुन्हा हाताने दाखवलं. मागचे दोन्ही पट्टे काढून नवे, मोठे कापावे लागले. कवडू पाने देत होता.

परतताना पुलाजवळ टोली दुसऱ्याच्या शेतातून घरी चालली होती. हुकुमचंदांनी गाडी थांबवायला सांगितली. बाया मागे जाऊन रबराकडे पाहू लागल्या. देवकाबाईने पट्टा हाताने हलवून बघितला.

"रंगासाठी लावले," हुकुमचंद खिडकीतून म्हणाले.

"रंगासाठी असू द्या," ती म्हणाली. "मंदाच्या दारी कधी येता?"

इथे सगळं परत फिसकटणार, असं कवडूला वाटलं. हुकुमचंद समोर बघत होते.

"चाल," ते म्हणाले. कवडूने गाडी सुरू केली. गावात शिरल्यावर घराचं वळण आलं तशी त्याने ती वळवायला घेतली. "तिकडं नाई. बकारामकडं."

बकारामच्या दारात गाडी थांबली. हुकुमचंद उतरले नाहीत. पाऊस टपावर वाजत होता. बकाराम दारात येऊन उभा राहिला. मालकाला या म्हणावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. मग हुकुमचंदांनी दार उघडलं, चिखलात पाय ठेवला आणि डोकं वाकवून त्या ठेंगण्या दारातून आत गेले.

आत ते काय बोलले ते कवडूला ऐकू आलं नाही. बकाराम नंतर सांगायचा की मंदाबाईने पट्टी उचलून डोळा दाखवला. त्यांनी पाहिला, आणि म्हणाले, "तयारी करा. आत्ताच नागपूरले निघा. माझी घरवाली संग येते."

रामकली, मंदाबाई आणि बकाराम त्याच गाडीने निघाले. भंडाऱ्यापर्यंत मंदाबाई रामकलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळायची आणि प्रत्येक खड्ड्याआधी कवडू गाडी जवळजवळ उभी करायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी पू काढला. आणखी उशीर झाला असता तर दुसरा डोळाही गेला असता, असं ते म्हणाले. उजवा डोळा राहिला, पण त्यातून तिला उजेड आणि माणसांचे आकार तेवढे दिसत, ओल्या कपड्यातून बघावं तसे. सुईत दोरा ओवायला ती पुढे गीताबाईकडे यायची.

टोली हुकुमचंदांच्या शेतात उतरली. परहे जून झाले होते, निम्मंच पीक हाती आलं. नहराकडच्या बांध्या त्या वर्षी पडीकच राहिल्या.

कवडूची नोकरी गेली नाही. पण हुकुमचंद त्याच्याशी कामापुरतंच बोलत. धान कापून झाल्यावर एका दुपारी तो अंगणात गाडी धूत होता, तेव्हा ते ओसरीवरून खाली आले आणि त्याच्याजवळ येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी किल्ली काऊन काढली तू?" त्यांनी विचारलं.

"पुढं माझी बायको होती, मालक."

"आन ती नसती तं?"

कवडूने हातातलं फडकं पिळलं. मंदाबाई रस्त्यात बसली होती त्या सकाळी आपण आरशात पाहिलं होतं आणि गाडी थांबवली नव्हती, हे तो त्यांना सांगू शकला असता. त्यांनाही ते माहीत होतं.

"मालूम नाई, मालक," तो म्हणाला.

हुकुमचंदांनी बादली उचलली, विहिरीवर नेली आणि भरून आणून त्याच्यासमोर ठेवली.